नूर मंझिलचा लिफ्टवाला

यवतमाळच्या बाजाररस्त्यावर, जिथं नूर मंझिल उभी होती, तिथं आता पत्रे ठोकलेत. पत्र्यांवर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र आहे. मागून खड्ड्यातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची घरघर दिवसभर ऐकू येते. सात मजली संकुल होणार म्हणतात. रस्त्यावरच्या पोरांना विचारलं, की इथं आधी काय होतं, तर ती म्हणतात, "काही तरी जुनं होतं."

ते काही तरी जुनं म्हणजे गावातली पहिली लिफ्ट असलेली इमारत. जिल्ह्यातली पहिली, असं आम्ही यवतमाळकर मानतो. वणीकडचे एक ओळखीचे गृहस्थ दरवेळी हरकत घेतात. त्यांच्याकडच्या कोळशाच्या खाणीत लिफ्ट आधीपासून होती, म्हणतात. खाणीतली लिफ्ट माणसाला खाली नेते, ती धरायची नाही, यावर आम्ही ठाम आहोत.

मी तिथं दुसऱ्या माळ्यावर टायपिंग शिकायला जायचो. टायपिंग मला आलं नाही. पण जाता-येता लिफ्टमधल्या भीमसिंग राठोडची ओळख झाली, ती मात्र आजवर टिकली आहे. ही हकीकत त्याची आहे. इमारतीची हकीकत काढायची तर ती त्याच्याचकडून निघते, कारण बाकीचे भाडेकरू आपापल्या खोल्यांत होते, आणि हा एकटा सगळ्या माळ्यांवर होता.

नूर मंझिल बांधली मोहिउद्दीन सेठनं. तळाला त्याचं कापडाचं दुकान, वर शिंपी, त्यावर आमचा क्लास आणि दाताचा दवाखाना, तिसऱ्या माळ्यावर एक वकील आणि चौथ्यावर सेठचं घर. आजूबाजूला तेव्हा सगळी कौलारू घरं. चार माळे चढवायचं कारण सेठची आई, आयशाबी. तिला मोकळा वारा लागायचा. खालच्या घरात जीव गुदमरतो, असं ती दहा वर्षं म्हणत होती. सेठनं तिच्यासाठी वारा गाठला, पण चौथ्या माळ्यावर. आणि तोवर आयशाबीचे गुडघे गेले.

म्हणून लिफ्ट आली. नागपूरहून ट्रकमध्ये, लाकडी खोक्यांत. फिटर महिनाभर राबला. सागवानी फळ्यांचं अस्तर, समोर आरसा, सरकणारा जाळीचा दरवाजा, भिंतीला पितळी बटणं. चालू करायच्या दिवशी दुकानासमोर एवढी गर्दी झाली, की एसटीला बाजूच्या गल्लीतून जावं लागलं. हार घातला, पेढे वाटले. आयशाबी खुर्चीवरून उठली, लिफ्टपाशी आली, आत डोकावली आणि म्हणाली, "हे तं कपाट हाय."

"अम्मी, कपाट नाई. वर जाते हे," सेठ म्हणाला.

"वर जाते ते ठीक. अन् मधातच थांबलं तं?"

"नाई थांबत."

"तू बसला काय यात?"

सेठ बसला नव्हता. त्याला सकाळपासून सवड झाली नव्हती, असं त्यानं सांगितलं. आयशाबीनं सगळ्यांकडे पाहून घेतलं आणि निकाल दिला, "आत एखादा माणूस कायमचा राहत असन, तवाच मी बसीन. ज्याले आपल्या जिवाची काळजी हाय असा माणूस. त्याचा जीव राह्यला तं माह्याही राहीन."

भीमसिंग तेव्हा दुकानात हमाल होता. दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यातून आलेला, बावीस-तेवीस वर्षांचा, कापडाचे गठ्ठे पाठीवर वाहणारा. त्या वेळी तो गर्दीच्या मागे उभा राहून पेढा खात होता. सेठची नजर त्याच्यावर पडली. भीमसिंगला वाटलं, आत काही ठेवायचं असेल. तो गेला. फिटरनं जाळी ओढली आणि बटण दाबलं.

पुढचं भीमसिंग स्वतः सांगतो. "जमीन खाली जाऊन राह्यली होती, दादा. मी होतो तिथंच होतो. दुकान खाली गेलं, सेठ खाली गेला, लोकं खाली गेले. मले वाटलं, भूकंप झाला अन् मीच एकटा वाचलो." फिटरच्या सांगण्याप्रमाणे त्यानं वाटेत सेवालाल महाराजांचं नाव घेतलं, याडीला, म्हणजे आईला, हाका मारल्या आणि दुसऱ्या माळ्यानंतर तो फिटरच्या कमरेला धरून खाली बसला. चौथ्या माळ्यावर जाळी उघडली, तरी उठेना. तसाच बसलेला तो खाली आला. चेहरा पांढरा पडला होता, हातात अर्धा पेढा तसाच होता.

आयशाबीनं त्याला नीट न्याहाळलं. "जिता हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

वर पोचेपर्यंत तिनं डोळे मिटून घेतले होते. भीमसिंगनंही. बटण फिटरनंच दाबलं.

"आलं काय?" आयशाबीनं विचारलं.

"पाहून सांगतो, अम्मा," भीमसिंग म्हणाला, पण डोळे उघडले नाहीत.

त्या दिवसापासून भीमसिंगची हमाली सुटली. त्याला एक स्टूल मिळालं, खाकी सदरा मिळाला. फिटर दोन दिवस थांबून त्याला बटणं शिकवून गेला. पंधरा दिवसांत त्याची भीती गेली. महिन्याभरात तर तो अशा थाटात जाळी ओढू लागला, की जणू लिफ्ट त्याच्या तांड्यातूनच आली असावी.

ही बातमी गावोगाव पसरली. कापसाच्या हंगामात बाजाराला आलेली माणसं गाडी सोडली, की आधी नूर मंझिलला यायची. पुसदहून, उमरखेडहून, पार ढाणकीहून. दाताच्या डॉक्टरकडे दात न दुखणारे पेशंट वाढले. ते तपासून घ्यायचे, औषध लिहून घ्यायचे आणि लिफ्टनं खाली यायचे. डॉक्टर म्हणायचा, एवढे निरोगी दात मी आयुष्यात पाहिले नाहीत.

भीमसिंगला खरा त्रास चपलांचा झाला. आरसा, सागवान, पितळ हे सगळं पाहून खेड्यातली माणसं लिफ्टच्या बाहेर चपला काढायची आणि हात जोडून आत यायची. भीमसिंग सांगायचा, "पायात राहू द्या, बावा." ते म्हणायचे, "नाई नाई, असं कसं." मग ती माणसं तिसऱ्या माळ्यावर वकिलाच्या दारात अनवाणी उभी, आणि चपला तळाला. भीमसिंग रिकामी खेप करून चपला वर न्यायचा. त्यात जोड्यांची सरमिसळ व्हायची. एका बाजाराच्या दिवशी एक म्हातारा एका पायात आपली आणि दुसऱ्या पायात भलत्याचीच चप्पल घालून दिग्रसला पोचला. पुढच्या आठवड्यात तो बदलायला परत आला आणि त्या निमित्तानं पुन्हा एकदा वर जाऊन आला.

भीमसिंगचं लग्नही या नोकरीपायी अडलं होतं. मुलीचा बाप तांड्याच्या नायकाला घेऊन त्याच्याकडे आला. बापानं विचारलं, "पोरगा काय करते?"

भीमसिंगनं अभिमानानं सांगितलं, "मी लोकं वर नेतो."

बापानं नायकाकडे पाहिलं. नायकानं विचारलं, "किती लोकं नेले आतापर्यंत?"

"मोजले नाई. बाजाराच्या दिवशी लय असते. पोरं, बाया, म्हातारे, सगळे."

"अन् ते जाते कसे, राजीखुशीनं?"

"रांग लावते," भीमसिंग म्हणाला.

दोघं चहा न घेता उठले. तांड्यात बातमी गेली, की यवतमाळात भीमसिंगला भलतंच काम लागलंय. शेवटी आयशाबीनं मुलीच्या बापाला निरोप धाडला, त्याला आणि मुलीला दोघांनाही बोलावून लिफ्टमध्ये बसवलं आणि चौथ्या माळ्यावर शिरखुर्मा खाऊ घातला. खाली उतरताना बाप पितळी बटणं पाहत होता. मुलगी, म्हणजे सकरी, आरशात पाहत होती. तिला माणूस पसंत पडला की आरसा, हे तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

लाइन जाण्याचे दिवस आले, तेव्हा लिफ्टचं रूप बदललं. वीज गेली की ती जिथं असेल तिथं थांबायची. एकदा तिसऱ्या माळ्यावरच्या वकिलाकडे जाणारे दोन सख्खे भाऊ आत होते. वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, त्यांचा खटला चालू होता, आणि कित्येक वर्षं एकमेकांशी बोलणं नव्हतं. धाकटा आत होता, हे मोठ्याला शिरल्यावर कळलं; तोवर जाळी लागली होती. दुसऱ्या अन् तिसऱ्या माळ्याच्या मध्ये लाइन गेली.

मग मोठा भाऊ भीमसिंगला म्हणाला, "त्याले सांगा, त्याचा पाय माह्या पायावर हाय."

भीमसिंगनं धाकट्याला सांगितलं, "तुमचा पाय त्यांच्या पायावर हाय."

"त्याले सांगा, दुसरीकडं जागा नाई," धाकटा म्हणाला.

भीमसिंगनं तेही पोचवलं. दोघांच्या मध्ये तो एकटाच उभा, आणि तिघांमध्ये वीतभरही अंतर नाही. असे बरेच निरोप गेले-आले. धुऱ्यावरचं बाभळीचं झाड कोणी तोडलं, बैल कोणाच्या कापसाच्या पऱ्हाटीत शिरला, लग्नात मानाचा टॉवेल कोणी दिला नाही. भीमसिंग सगळं इमानानं पोचवत होता. एका ठिकाणी शिवी आली, तेव्हा त्यानं विचारलं, "हे जसंच्या तसं सांगू काय?"

मग मोठ्याला घाम फुटला. त्याला शुगर होती आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. धाकट्यानं ते पाहिलं. पिशवीतून फडकं काढलं, भाकर-ठेचा भीमसिंगच्या हातात दिला. "त्याले द्या."

"त्याले सांगा, मले नको. त्याची बायको लसूण लय टाकते," मोठा म्हणाला आणि त्यानं भाकर घेतली. अर्धी खाऊन झाल्यावर तो थेट धाकट्याकडे पाहून बोलला, "माय टाकत होती तेवढाच हाय बे."

लाइन आली. लिफ्ट तिसऱ्या माळ्यावर लागली. वकील दारात उभाच होता. दोघं भाऊ भीमसिंगला म्हणाले, "खाली घ्या." खटला काही मिटला नाही, तो धुरा अजून वाकडाच आहे, असं ऐकतो. पण पुढच्या तारखेला दोघं एकाच एसटीनं आले आणि जिन्यानं चढले. वकिलानं त्यानंतर बरेच दिवस भीमसिंगशी बोलणं टाकलं होतं.

आयशाबीला तर पुढं लिफ्टचा नादच लागला. चौथ्या माळ्यावरच्या वाऱ्याला ती कंटाळली. दुपारी जेवण झालं की ती लिफ्टमध्ये यायची, भीमसिंगच्या स्टुलावर बसायची, पानाचा डबा मांडीवर घ्यायची आणि सगळ्या गावाला वर-खाली जाताना पाहायची. भीमसिंग उभा. शिंप्याकडे चाललेल्या बायकांना ती ब्लाउजचा गळा किती ठेवायचा ते सांगायची, वकिलाकडे चाललेल्यांना तडजोड करायला सांगायची. मला म्हणायची, "तुले टायपिंग येणार नाई, बेटा. बोटं पाह्य तुह्ये. शेती कर." मी शेती केली नाही, पण टायपिंगबद्दल तिचं बरोबर होतं.

ती गेली तेव्हा जनाजा लिफ्टमध्ये मावत नव्हता. जिन्यानं उतरवला. भीमसिंगनं रिकामी लिफ्ट सोबत खाली आणली. जिन्यावरचे लोक एका माळ्यावर पोचले, की त्या माळ्यावर थांबायचा, जाळी उघडायचा, ते पुढं गेले, की लावायचा. कोणी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

नंतर मोहिउद्दीन सेठही गेला. कारभार त्याच्या मुलाकडे, जुनेदकडे आला. गावात दवाखाने झाले, मॉल झाले, लिफ्टचं कोणाला अप्रूप राहिलं नाही. नूर मंझिलच्या लिफ्टचे सुटे भाग मिळेनासे झाले. एका दिवाळीच्या सुमारास ती तळमजल्यावर आली आणि तिथंच राहिली. मेकॅनिक येऊन पाहून गेला. म्हणाला, हिला हलवायचं तर हिच्या जागी दुसरीच बसवावी लागेल.

भीमसिंगला वाटलं, आपली नोकरी गेली. तो जुनेदकडे निरोप घ्यायला गेला. जुनेद म्हणाला, "दादीनं सांगतलं होतं, आत माणूस कायमचा राह्यला पाह्यजे. तिनं चालत्या लिफ्टमधी का बंद लिफ्टमधी, असं काही सांगतलं नाई. बसा काका."

म्हणून भीमसिंग न चालणाऱ्या लिफ्टमध्ये पुढं कितीतरी वर्षं नोकरी करत राहिला. सकाळी यायचा, आरसा पुसायचा, पितळ चिंचेनं घासायचा, स्टुलावर बसायचा. लोक त्याच्याकडे हेल्मेट ठेवायचे, भाजीची पिशवी ठेवायचे, लेकरू ठेवून शिंप्याकडे जायचे. एखादा खेड्यातला म्हातारा जुन्या आठवणीनं यायचा.

"चालते काय?"

"नाई, बावा. बंद हाय."

"जरा बसू काय? पाय दुखून राह्यले."

भीमसिंग त्याला स्टूल द्यायचा, जाळी अर्धी ओढायचा. म्हातारा आरशात पाहून पागोटं नीट करायचा, थोडा वेळ बसायचा आणि समाधानानं जायचा.

तीन वर्षांपूर्वी मागची भिंत फुगली. इंजिनिअर आले, नोटीस लागली, भाडेकरू निघाले. जुनेदनं जागा बिल्डरला दिली. पाडायच्या आदल्या आठवड्यात भंगारवाला लिफ्ट पाहायला आला. भीमसिंग स्टुलावरच बसला होता. भंगारवाल्यानं त्याला उठायला सांगितलं. भीमसिंग उठला आणि दुकानात जाऊन जुनेदला म्हणाला, "हे डबं मले द्या."

जुनेदनं हिशेबाची वही बाजूला सारली. "काय करता काका त्याचं?"

"वावरात नेतो. रानडुकरं तूर खाऊन राह्यले. सकरी मचाण मागून राह्यली दोन वर्सापासून."

"लिफ्टची मचाण?"

"चार गर्डरही द्या. इमारतीचेच. उभी कराले लागते."

जुनेद आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की हा माणूस थट्टा करत नाहीये. त्यानं भंगारवाल्याला परत पाठवलं, क्रेन स्वतः आणली आणि डबा वरून दोर कापून बाहेर काढला. ट्रॉलीवर चढवला तेव्हा चारचौघं जमले. भीमसिंगनं ट्रॅक्टरवर बसायला नकार दिला. "मी आतच बसतो," म्हणाला. जाळी लावून तो आत बसला. दारव्हा रस्त्यावर नाक्याला हवालदारानं ट्रॅक्टर अडवला.

"काय हाय हे?"

"लिफ्ट," भीमसिंग आतून म्हणाला.

"अन् तुम्ही?"

"लिफ्टवाला."

हवालदार ट्रॉलीभोवती फिरून आला. त्याला कलम सापडेना. "रस्त्यावर लोकं लिफ्ट मागते," तो ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, "तू तं पुरी घेऊनच चालला." आणि जायची खूण केली.

वावरात गर्डर रोवले, त्यावर डबा चढवला. तांड्यातली माणसं मदतीला आली आणि वर जायला शिडी लावली. शिडीनं लिफ्टमध्ये चढायचं, याचं भीमसिंगच्या मुलाला, अमरला, फार वाईट वाटलं. तो शाळेत शिक्षक आहे. "बाबा, लोकं हासून राह्यले," तो म्हणाला.

"हासू दे. डुकरं हासते काय ते पाह्य," भीमसिंग म्हणाला.

डुकरं पहिल्या हंगामात खरंच आली नाहीत. भीमसिंगचं म्हणणं, आरशातली उन्हाची तिरीप पाहून ती बिचकतात. अमरचं म्हणणं, त्या वर्षी वनखात्यानं चर खोदला होता. शेजारच्या वावरातल्या एकानं यवतमाळच्या भंगारवाल्यांकडे जुन्या लिफ्टची चौकशीही करून पाहिली. भंगारवाल्यांनी त्याला कुलर दाखवले.

गेल्या पौषात मी मुद्दाम गेलो. सोबत जुनेद आणि त्याची बायको फिजा. तूर कापणीला आली होती. भीमसिंग लिफ्टच्या खाली, गर्डरांच्या मधल्या सावलीत पोतं टाकून बसला होता. मी विचारलं, "वर काहून नाही बसत?"

"वर जागा नाई," तो म्हणाला.

सकरीबाई शिडी उतरत होती. कमरेला खोचलेली किल्ली दाखवत ती म्हणाली, "कापूस भरला मी त्यात. कोरडा राह्यते. जाळीतून हवा लागते, उंदीर चढत नाई. हे तं नुसते बसून राह्यते. बसाले खालीही जागा हाय."

"मले हप्त्यातून एकदा पितळ घासाले चढू देते," भीमसिंग म्हणाला. तक्रार करावी तसं नाही. कामाची वेळ सांगावी तसं.

फिजाला वर जाऊन पाहायचं होतं. सकरीबाईनं तिला किल्ली दिली, पण चप्पल खाली काढायला लावली, कापसाला माती लागते म्हणून. जुनेद शिडीला धरून उभा राहिला. सकरीबाईनं मडक्यात तुरीच्या शेंगा उकडायला ठेवल्या, मीठ जरा जास्तच टाकलं, आणि आम्ही सगळे पोत्यावर सरकून बसलो.